अति उघड नावे वगळून

अमेरिकेतील वृत्तपत्रमालक जोसेफ पुलित्झर यांनी १९०४ साली आपले मृत्युपत्र केले. कोलंबिया विद्यापीठासाठी त्यांनी २० लाख डॉलर ठेवले. त्यातून पत्रकारितेचे महाविद्यालय निघावे आणि चौथा हिस्सा, म्हणजे ५ लाख, पारितोषिके व शिष्यवृत्त्यांसाठी राहावा, अशी त्यांची योजना होती. या यादीत चरित्रलेखनाला वर्षाला १,००० डॉलर होते. चरित्र अमेरिकन असावे, एखाद्या थोर उदाहरणातून देशभक्तीची आणि निःस्वार्थ लोकसेवेची शिकवण देणारे असावे, इतके लिहून झाल्यावर पुलित्झरसाहेबांनी एक शेपूट जोडले. जॉर्ज वॉशिंग्टन आणि अब्राहम लिंकन ही दोन नावे वगळावीत, कारण ती फारच उघड आहेत.

हे शेपूट वाचून आम्ही दोघे भाऊ खूप हसलो. त्यानंतर आमच्या मरहूम चाचांच्या वसीयतनाम्यातली तिसरी ओळ पुन्हा काढून वाचली.

चाचा तालुक्याच्या गावी एका मराठी दैनिकाचे बातमीदार होते. पगार नव्हता. छापून आलेल्या मजकुराची पट्टीने लांबी मोजून, सेंटिमीटरवर मानधन मिळे, तेही तीन-तीन महिन्यांनी. घर चाले ते वृत्तपत्रांच्या एजन्सीवर आणि एस.टी. स्टँडजवळच्या एका गाळ्याच्या भाड्यावर. अपत्य नव्हते, चाची आधीच गेल्या होत्या. बाजारभाव, यात्रा, अपघात, पंचायत समितीच्या सभा यांच्या बातम्या ते देत, पण त्यांचा जीव होता निधनवार्तेत. गावात कोणी वारले की जनाजा असो की अंत्ययात्रा, चाचा हजर. घरी येऊन चार ओळी लिहायच्या. दैनिकात चारच ओळी बसत. जे बसत नसे ते एका वहीत उतरवून ठेवायचे. माणूस कोणत्या पेठेतला, धंदा काय, कोणाशी भांडण होते, शेवटपर्यंत कोणाचे देणे लागत होता. अशा ११ वह्या निघाल्या. "मरे पिच्छू सब अच्छाच लिखते," ते म्हणायचे. "जिंदा था तब कैसा था, वो कौन लिखेगा?"

वसीयतनामा दैनिकाच्या कोऱ्या पत्रकावर, स्वतःच्या अक्षरात, खाली दोन साक्षीदार. एक निवृत्त मुख्याध्यापक, दुसरे स्टँडवरचे चहावाले. शरीअतप्रमाणे वसीयत करता येते ती मिळकतीच्या तिसऱ्या हिश्श्यापुरती, बाकी वारसांचे. चाचांनी हिशेब चोख ठेवला होता. तिसरा हिस्सा विद्यापीठात शिकणाऱ्या अशा मुलाला किंवा मुलीला, जो आपल्या मुलखातल्या, ज्याचे चरित्र आजवर कोणी लिहिले नाही अशा माणसाचे चरित्र लिहील. तिसरी ओळ हीच.

रक्कम मोठी नव्हती. एखाद्या लग्नाच्या मंडपात आणि जेवणात संपावी एवढी. तरी आम्ही कागद घेऊन विद्यापीठात गेलो. तिथल्या साहेबांनी चहा पाजला, देणगीदारांच्या नियमांची छापील प्रत दिली. प्रत वाचली आणि घोटाळा लक्षात आला. आपल्याकडे विद्यापीठाला देणगी देतात ती सुवर्णपदकासाठी. वडिलांच्या स्मरणार्थ बी.ए. मराठीत पहिला येणाऱ्यास, आईच्या स्मरणार्थ मुलींत पहिली येणारीस. सगळी अट गुणांची. न लिहिलेले चरित्र लिहू पाहणाऱ्या मुलाला त्या तक्त्यात रकानाच नव्हता. साहेब भले गृहस्थ. म्हणाले, "विषय कोणता धरायचा? मराठी की इतिहास? आणि टक्केवारी किती ठेवायची?" आम्ही म्हटले, विचार करून सांगतो. असल्या देणग्या दुसरीकडे कशा चालतात ते शोधताना आम्ही पुलित्झरपर्यंत पोहोचलो.

हा माणूस समजून घेण्यासारखा आहे. १८४७ साली हंगेरीत माको नावाच्या गावी एका यहुदी कुटुंबात जन्म. १७ व्या वर्षी, १८६४ मध्ये, अमेरिकेच्या यादवी युद्धातले सैन्यभरतीचे जहाज पकडून आला आणि लिंकनच्या बाजूच्या घोडदळात शिपाई झाला. इंग्रजी येत नव्हते. युद्ध संपल्यावर सेंट लुईसला गेला, तिथल्या जर्मन भाषेतल्या पत्रात बातमीदार झाला. पुढे स्वतःचे पत्र काढले, १८८३ साली न्यूयॉर्कचे 'वर्ल्ड' विकत घेतले. १८८५ मध्ये स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याचा चौथरा पैशांअभावी अडला होता. पुलित्झरने वाचकांना हाक दिली आणि जो देईल त्याचे नाव, रक्कम कितीही लहान असो, पत्रात छापायचे कबूल केले. १ लाख २० हजारांहून अधिक लोकांनी मिळून १ लाख डॉलरवर रक्कम भरली. बहुतेकांनी एक डॉलरही दिला नव्हता. आपले नाव छापून यावे याची गरिबाला केवढी ओढ असते, हे त्या माणसाला ठाऊक होते. आमच्या चाचांनाही ते ठाऊक होते. निधनवार्तेचे कात्रण कित्येक घरांत निकाहनाम्याशेजारी जपलेले आम्ही पाहिले आहे.

त्याला संत करण्याचे कारण नाही. याच 'वर्ल्ड'ने हर्स्ट या प्रतिस्पर्ध्याशी स्पर्धा करताना भडक मथळ्यांचा असा मारा केला की त्या पत्रकारितेला 'पिवळी' हे नाव पडले. १८९८ च्या स्पेनविरुद्धच्या युद्धाच्या वेळी दोघांनीही आगीत तेल ओतले. पुलित्झरची दृष्टी १८९० च्या सुमारास जवळजवळ गेली. आवाजही सहन होईना. पुढची २० वर्षे तो माणूस दुसऱ्यांकडून वाचून घेत जगला आणि १९११ साली आपल्या जहाजावर वारला. १८९२ मध्ये त्याने कोलंबियापुढे पत्रकारितेच्या शिक्षणाची कल्पना मांडली होती, तेव्हा विद्यापीठाने ती नाकारली होती. महाविद्यालय उघडले १९१२ मध्ये. पहिली पारितोषिके दिली गेली १९१७ साली. चरित्राचे पहिले पारितोषिक मिळाले ज्युलिया वॉर्ड हाऊ या कवयित्रीच्या चरित्राला आणि ते लिहिले होते तिच्याच मुलींनी.

आम्हांला जे शिकायचे होते ते पुढच्या वर्षांत सापडले. मृत्युपत्रातला एक-एक शब्द पुढे कसा माणसांना चावत गेला, ते पाहण्यासारखे आहे. वक्फनाम्यात वाकिफची शर्त कायद्याइतकी मानतात, हे आपल्याला लहानपणापासून माहीत असते. मशिदीच्या दिव्याला दिलेल्या जमिनीचे उत्पन्न मदरशाच्या छपराला वापरायचे तरी जमातीत वर्षभर वाद. पुलित्झरच्या शर्तीचेही तेच झाले. कार्ल सँडबर्ग यांनी लिंकनवर चार खंडांचा ग्रंथ लिहिला, तो डावलणे कठीण होते. पण लिंकनचे नाव तर वगळलेले. तेव्हा १९४० साली त्यांना चरित्राचे नव्हे, इतिहासाचे पारितोषिक देऊन वाट काढली. याला आपल्याकडे 'हीला' म्हणतात.

दुसरा प्रकार अधिक गंभीर. १९६२ मध्ये परीक्षकांनी आणि सल्लागार मंडळाने डब्ल्यू. ए. स्वॉनबर्ग यांच्या हर्स्ट-चरित्राची शिफारस केली. कोलंबियाच्या विश्वस्तांनी ती फेटाळली. हर्स्टच्या आयुष्यातून देशभक्तीची आणि निःस्वार्थ सेवेची शिकवण कुठे मिळते? त्या वर्षी चरित्राला पारितोषिकच दिले गेले नाही. चरित्र चांगले होते, चरित्रनायक चांगला नव्हता, म्हणून चरित्रकाराला शिक्षा. स्वॉनबर्ग यांनी पुढे १९६७ मध्ये पुलित्झरचेही चरित्र लिहिले आणि १९७३ साली नियतकालिकसम्राट ल्यूस यांच्या चरित्राबद्दल त्यांना अखेर ते पारितोषिक मिळाले.

आणि तिसरा प्रकार. १९३५ साली हे पारितोषिक रॉबर्ट ली यांच्या चरित्राला मिळाले. ली म्हणजे गुलामी टिकवू पाहणाऱ्या राज्यांचे सेनापती. ज्यांच्या विरुद्ध बाजूला तरुण पुलित्झर घोड्यावर बसला होता, ते. ली यांच्यात विश्वस्तांना देशभक्ती दिसली. काळ्या लोकांच्या हक्कांसाठी आयुष्य घालवलेले डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांच्या चरित्राला हा मान मिळायला १९९४ साल उजाडले. डेव्हिड लेव्हरिंग लुईस यांच्या त्या चरित्राच्या दुसऱ्या खंडाला तो पुन्हा २००१ मध्ये मिळाला. म्हणजे 'देशभक्तीपर' हा शब्द मृत्युपत्रात जसाच्या तसा होता, पण त्याचे माप घेणारा शिंपी दरवेळी निराळा.

सुदैवाने पुलित्झर हुशार होता. काळाप्रमाणे विषय बदलण्याची, वाटल्यास तहकूब करण्याची मुभा त्याने सल्लागार मंडळाला त्याच कागदात देऊन ठेवली होती. त्यामुळे आज त्या शब्दांची सक्ती उरलेली नाही. वगळलेले वॉशिंग्टनही १९५८ आणि २०११ मध्ये चरित्रग्रंथांतून सन्मानाने परत आले.

पण त्या शेपटाची कल्पना आम्हांला सोडवेना. आमच्यातला धाकटा मदरशात चार वर्षे शिकलेला. त्याला आठवण झाली इब्ने खल्लिकानची. १२११ साली इर्बिल इथे जन्मलेले, पुढे दमास्कसचे काझी झालेले हे गृहस्थ. आठशेहून अधिक माणसांची चरित्रे असलेला त्यांचा कोश आजही वापरात आहे. त्या कोशात त्यांनी पैगंबरांच्या सहाबींना आणि खलिफांना जवळजवळ घेतलेलेच नाही. त्यांच्याविषयी पुष्कळ लिहून झाले आहे, हे कारण. त्याऐवजी व्याकरणकार, हकीम, कवी, वजीर, काझी, ज्यांची मृत्यूची तारीख त्यांना खात्रीने लावता आली ते. पुलित्झरच्या सव्वासहाशे वर्षे आधी एका काझीने उघड नावे वगळली होती. त्याच्याही चार शतके आधी इब्ने सअद यांनी आपल्या चरित्रग्रंथाचा शेवटचा भाग स्त्रियांना दिला. हदीस सांगणारा माणूस खरा की खोटा, हे ठरवायला त्याचे आयुष्य तपासायचे, अशी आपली परंपरा. चरित्र ही आपल्याकडे स्तुतीची नव्हे, साक्षीची गोष्ट होती.

मग आपल्या मराठी मुलखात असे का झाले? आम्ही दोघांनी एका रविवारी कागद घेऊन यादी केली. मराठी मुसलमानाच्या घरात जी चरित्रे असतात त्यांत मौलाना आझाद आणि डॉ. अब्दुल कलाम. शाळेच्या बक्षीस समारंभात तीच, ईदच्या अंकात तीच, भाषणस्पर्धेत तीच. दोघेही थोर, यात वाद नाही. पण हे आमचे वॉशिंग्टन आणि लिंकन. थोरला म्हणाला, "आपल्या कागदातही शेपूट लावू, आझाद व कलाम वगळून." धाकट्याला ते पटेना. पोरे कलामसाहेब वाचून शिकतात, त्यांना का वगळायचे? थोरल्याने उत्तर दिले, "त्यांना कोण वगळतो आहे? त्यांच्यासाठी चाचांच्या गाळ्याचे भाडे लागत नाही, एवढेच."

या वादाला दुसरे एक टोक होते. २०२५ च्या जानेवारीत समाजमाध्यमांवर असा दावा झाला की, फातिमा शेख नावाची बाई झालीच नाही, ती रचलेली आहे. ज्यांच्या मुली शाळेच्या भिंतीवर सावित्रीबाईंशेजारी फातिमाबींचे चित्र काढतात, त्या घरांत त्या आठवड्यात काय बोलणे झाले असेल ते या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. पुरावा आहे. सावित्रीबाईंनी नायगावहून १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतीरावांना पाठवलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे, की तिला त्रास पडत असेल पण ती कुरकुर करणार नाही. हे पत्र डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या सावित्रीबाईंच्या समग्र वाङ्मयात १९८८ सालीच छापले गेले आहे. म्हणजे दावा टिकणारा नव्हता. पण आम्हांला बोचले ते वेगळेच. एका पत्रातला एक उल्लेख, बाकी ऐकीव. उस्मान शेख यांनी फुले दांपत्याला घरात आसरा दिला असे सांगतात. त्यांचे पुढे काय झाले? फातिमाबी कुठे दफन आहेत? त्यांच्यानंतरच्या शंभर वर्षांत कोणी पुण्याच्या मोहल्ल्यांत वही घेऊन फिरले असते, तर 'होत्या की नव्हत्या' हा प्रश्न कोणाला विचारता आला असता का?

सोलापूर आमच्या जवळचे. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फासावर गेलेल्या चौघांत अब्दुल रसूल कुर्बान हुसेन होते. तरुण वय, गिरणी कामगारांत काम, 'गझनफर' नावाचे पत्र चालवणारे. म्हणजे तेही पत्रकारच. चौघांचे पुतळे आहेत, चौक आहे, दरवर्षी हार पडतात. चाचा त्या चौकातून जाताना रिक्षावाल्याला विचारत, "ये कुर्बान हुसेन कौन था, मालूम है क्या?" रिक्षावाला म्हणे, "शहीद थे." चाचा म्हणत, "वो तो मरते वक्त. उससे पहले?" त्यांच्या आईने नंतरचे दिवस कसे काढले, पत्राच्या छपाईचे पैसे कुठून येत, तुरुंगातल्या महिन्यांत घराचे भाडे कोणी दिले, हे प्रश्न चाचांच्या एका वहीत लिहिलेले सापडले. उत्तरांची जागा कोरी.

आता आमचे खरे दुखणे लिहितो. आपल्याकडे जी थोडीफार चरित्रे लिहिली जातात ती प्रमाणपत्रासारखी लिहिली जातात. मुसलमानही देशासाठी मेला, हे दाखवण्यासाठी शहीद. मुसलमानही शिकतो, हे दाखवण्यासाठी शास्त्रज्ञ. वाचणारा कोणी वेगळाच आहे, आपण त्याच्यासमोर कागद घेऊन उभे आहोत, असे प्रत्येक पानावर जाणवते. मग त्या माणसाची बायकोशी वागणूक, त्याची कर्जे, त्याचे चुकलेले निर्णय, त्याने जमातीत केलेले राजकारण, सगळे गाळायचे. कारण आपल्यातले वाईट आपणच का सांगावे? याचे कारण आम्हांला कळते. ज्या समाजाला रोज जबाब द्यावा लागतो तो चरित्रातही जबाबच देतो. परंतु अशा चरित्रातला माणूस घरी ओळखीचा वाटत नाही. नातू वाचतो आणि म्हणतो, हे आमचे दादा नव्हेत. म्हणून पुलित्झरच्या कागदातले 'थोर', 'देशभक्तीपर' आणि 'निःस्वार्थ' हे तिन्ही शब्द आमच्या कागदात येऊ द्यायचे नाहीत, यावर आम्हां दोघांचे लगेच एकमत झाले. असे एकमत आमच्या घरात क्वचित होते.

ज्यांना वाटते की दोष सांगितल्याने माणूस लहान होतो, त्यांच्यासाठी त्याच पुलित्झरच्या यादीत एक उदाहरण आहे. लेस पेन हे अमेरिकेतले नामांकित काळे पत्रकार. १९९० साली ते माल्कम एक्स यांच्या एका भावाला भेटले आणि त्यांना वाटले की, आपल्याला माहीत असलेला माल्कम अपुरा आहे. मग त्यांनी माल्कमचे भाऊबहीण, शाळासोबती, तुरुंगातले सोबती, पोलीस, जो जिवंत सापडेल त्याला गाठायला सुरुवात केली. जवळजवळ २८ वर्षे हे काम चालले. २०१८ मध्ये पेन वारले, पुस्तक अपुरे होते. त्यांची मुलगी तमारा या कामात त्यांची साहाय्यक होती, तिने ते पुरे केले. २०२० मध्ये ते प्रसिद्ध झाले, २०२१ साली त्याला चरित्राचे पुलित्झर मिळाले. १९६४ मध्ये हज करून अल-हाज मलिक अल-शबाझ झालेल्या त्या माणसाच्या तरुणपणीच्या चोऱ्या, तुरुंग, नंतरचे तंटे, सगळे त्यात आहे. १९६५ साली ज्या सभागृहात त्यांना गोळ्या घातल्या गेल्या ती जागा पुढे त्याच कोलंबिया विद्यापीठाकडे आली, हा नशिबाचा खेळ. हे पुस्तक वाचून माल्कमविषयीचा आदर आमचा तरी तसूभर कमी झाला नाही.

२८ वर्षांचे काम विद्यार्थ्याकडून कोणी मागत नाही. पण चरित्र म्हणजे पायपीट, हे पैसे देणाऱ्यालाही समजले पाहिजे. आपल्याकडच्या सामान्य मुसलमान माणसाचे आयुष्य कुठे सापडते? काझींच्या निकाहच्या रजिस्टरात, शाळेच्या जनरल रजिस्टरात, नगरपालिकेच्या जन्म-मृत्यूच्या नोंदीत, सातबाऱ्यावर, कब्रस्तानच्या पावतीपुस्तकात, दर्ग्याच्या उरुसाच्या जमाखर्चात. निम्मे कागद उर्दूत, काही मोडीत, बाकी मराठीत. जुनी नाती भिवंडीला, मालेगावला, हैदराबादला पांगलेली. म्हणजे एस.टी.चे भाडे, झेरॉक्स, मोडी वाचणाऱ्याचे मानधन, आणि दोन वर्षे शिकवण्या न घेता राहता येईल एवढी उसंत. सुवर्णपदकाने यातले काहीच भागत नाही.

पैशाचा प्रश्न मात्र विद्यापीठात जाऊन अडला. नियम असा की रक्कम कायम ठेवीत ठेवायची, व्याजातून शिष्यवृत्ती द्यायची. चाचांनी जन्मात व्याज खाल्ले नाही. बँकेत पडलेले व्याजही ते सवाबाची नियत न करता देऊन टाकीत. त्यांच्या नावाने व्याजाची शिष्यवृत्ती? धाकटा ऐकूनच उठला. थोरल्याने कागदावर हिशेब केला तर व्याजातून वर्षाला जी रक्कम निघत होती तिच्यात एक मुलगा जेमतेम मालेगावला जाऊन आला असता. दीन आणि गणित दोन्ही एकाच बाजूला. शेवटी आम्ही गाळा विकायचाच नाही असे ठरवले. आमच्या हिश्श्यातून वाटणी जुळवून गाळ्याचे पूर्ण भाडे या कामाला लावले. जुन्या वक्फाची रीत हीच, मूळ शाबूत आणि उत्पन्न चालू. विद्यापीठाने सांगितले, कायम निधी नसेल तर नियमाप्रमाणे शिष्यवृत्तीला नाव देता येणार नाही. आम्ही म्हटले, नाव नको. विभागाने मुलगा निवडावा, पैसे आम्ही देऊ. सदका-ए-जारियाला पाटीची गरज नसते. पण चाचांना पाटी आवडली असती, हेही खरे. आयुष्यभर दुसऱ्यांची नावे छापून आणणाऱ्या माणसाचे नाव कुठे तरी असायला हवे होते, असे आम्हांला अजून वाटते.

कागद एक पानाचा झाला. चरित्रनायक मराठी मुलखातला असावा, त्याचे पुस्तकरूप चरित्र आधी नसावे. स्त्री असल्यास प्राधान्य. धर्माची अट नाही. ही ओळ घालताना थोडी चर्चा झाली, पण चाचांच्या वह्यांत सगळ्या पेठांची माणसे होती, तेव्हा तिथे अडून बसता येईना. आझाद आणि कलाम वगळून. पाच वर्षांनी अटी बदलण्याचा अधिकार विभागाला. ही पुलित्झरची उसनवारी. आणि शेवटी, घरच्यांनी नको म्हटले तरी खरे ते लिहिण्याचा हक्क लेखकाचा.

पहिल्या वर्षी तीन अर्ज आले. एक कलामसाहेबांवर होता. अर्जदाराने नम्रपणे लिहिले होते की अट माहीत आहे, तरी विचार व्हावा. दुसऱ्या मुलाला आपल्या आजोबांवर लिहायचे होते, आणि नमुन्याच्या पाच पानांत आजोबा एकदाही रागावले नव्हते. तिसरा अर्ज एम.ए.च्या दुसऱ्या वर्षातल्या मुलीचा. तिच्या मोहल्ल्यात विड्या वळणारी एक बाई होती, वारून काही वर्षे झाली. सकाळी कारखान्यात विड्यांची मोजणी चाले, तेव्हा कारकुनाने मापात काढलेल्या विड्यांचा हिशेब ही बाई इतर बायकांना लिहून देई, आणि रात्री त्यांची पत्रे. स्वतः शिकली होती ती दुकानात पुड्या बांधायला आलेल्या रद्दीवर. नवऱ्याला सोडून आली होती. तिची मुलगी कलबुर्गीला असते आणि म्हणते, आईच्या सोडून येण्याचे लिहू नका, बाकी काय ते लिहा.

अर्जासोबत खर्चाचा तक्ता होता. कलबुर्गीच्या तीन फेऱ्या, एक साधा आवाज रेकॉर्डर, विडी कामगारांच्या कार्डांच्या झेरॉक्स. तक्त्याखाली मुलीने विचारले होते की, मुलीची परवानगी मिळाली नाही तर शिष्यवृत्ती परत करावी लागेल काय. आम्ही उत्तर पाठवले की, परत करावी लागणार नाही, आधी तिन्ही फेऱ्या करा, पहिल्या फेरीत वही काढू नका, नुसते भेटून या. पहिल्या हप्त्याचा चेक त्याच लिफाफ्यात ठेवला, आणि चाचांच्या वह्यांतल्या ज्या पानावर त्या बाईची निधनवार्ता होती त्या पानाची झेरॉक्सही. दैनिकात चार ओळी आल्या होत्या. वहीत सव्वादोन पाने निघाली.